कार्लाइलला जाताना करंट गेला

माझ्याकडे १९९० सालची फोर्ड एफ-१५० आहे. लांब हौद्याची, सहा सिलेंडर, पाच गिअर मॅन्युअल, रंग निळा, म्हणजे टपावरचा उन्हाने उडालाय पण दरवाज्यांवर अजून छान आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनच्या जवळ राहतो, ओळखीच्या कुठल्याच मराठी घरात पिकअप नाही, त्यामुळे भेटेल तो विचारतो की अरे एवढी जुनी गाडी कशाला सांभाळतोस, आणि दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून यावेळी सगळं लिहून काढतोय, विशेषतः २०२३ च्या ऑगस्टमध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या ट्रक शोला गेलो होतो ते.

गाडी घेतली २०२१ मध्ये. आमच्याच रस्त्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ राहायचे, ते मुलीकडे फ्लोरिडाला कायमचे चालले होते आणि ही गाडी त्यांच्या ड्राइव्हवेत कधीची उभी दिसायची. आमच्या ढोल पथकाला दर गणपतीत ढोल न्यायला भाड्याने व्हॅन घ्यावी लागायची, म्हणून मी सहज विचारलं, ते म्हणाले २८०० डॉलर, पण आधी ऐकून घे मग ठरव. सेल मारला आणि अर्ध्या चक्रात इंजिन चालू. बायको सोबत होती, ती म्हणाली आवाज ट्रॅक्टरसारखा आहे. तिच्या माहेरी ट्रॅक्टर आहे, तिने ते चांगल्या अर्थानेच म्हटलं होतं. मीटर पाच आकडी, त्यावर ७१ हजार मैल, पण एक लाखानंतर ते परत शून्यावर येतं, त्यामुळे खरे किती हे मालकाच्या शब्दावर. ते म्हणाले एकदाच फिरलंय. मी विश्वास ठेवला आणि इंजिनाने आजवर तो शब्द खोटा पाडला नाही.

ह्या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोर्डचं ३०० क्युबिक इंचाचं, म्हणजे ४.९ लिटरचं सरळ सहा सिलेंडर इंजिन, १९६५ पासून १९९६ पर्यंत चाललं. क्रँकला सात मेन बेअरिंग, टायमिंगला चेन नाही की पट्टा नाही, गिअरला गिअर लागलेला. पॉवर म्हणाल तर दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपास, आजच्या बऱ्याच छोट्या कारमध्ये तेवढी असते, पण ओढ जी आहे ती २००० आरपीएमलाच मिळते, त्यामुळे हौद्यात बारा ढोल आणि ताशे टाकून चढ चढताना गिअर उतरवावा लागत नाही. यूपीएसच्या तपकिरी डिलिव्हरी गाड्यांमध्ये हेच इंजिन असायचं, जनरेटरवर असायचं. आणि बॉनेट उघडलं की जागाच जागा. इंजिनाच्या शेजारी उभं राहून हात खाली जमिनीपर्यंत जातो. माझ्या दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि त्याखाली काय आहे हे मला सहा वर्षं झाली तरी माहीत नाही.

पण पत्र्याची गोष्ट वेगळी. इथे थंडीत बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ तीस-बत्तीस हिवाळे खालून गाडी खात असतं. वरून गाडी दिसायला गोड आणि खाली आडवं होऊन बॅटरी मारली की पोटात गोळा येतो. केबिनचे मागचे कोपरे, दरवाज्याखालची पट्टी, ब्रेकच्या नळ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या कमानपाट्यांचे शॅकल, म्हणजे पाटे चॅसीला जोडणारे ब्रॅकेट. माझ्या डाव्या बाजूचा शॅकल हातात घेतला तर पापड मोडावा तसा कोपरा तुटून आला. हे ब्रॅकेट चॅसीला रिव्हेट मारून बसवलेले असतात, बोल्ट नाहीत, त्यामुळे ग्राइंडरने रिव्हेटचं डोकं कापायचं, मग पंच लावून हातोड्याने उरलेलं बाहेर काढायचं, आणि नवीन ब्रॅकेट चांगल्या ग्रेडच्या बोल्टने बसवायचा. सांगायला दोन ओळी, करायला दोन वीकेंड गेले, उजव्या बाजूचा एक रिव्हेट तर दीड तास निघेना. ब्रेकच्या नळ्या मात्र मी सगळ्याच बदलल्या, एक गेली म्हणून एक बदलायची असं ब्रेकच्या बाबतीत करूच नये. जुन्या गाडीवर पैसे घालायचे असतील तर आधी थांबण्यावर, मग वळण्यावर, मग चालण्यावर आणि सगळ्यात शेवटी रंगावर, हे माझं पक्कं मत झालंय.

ह्या गाडीला पेट्रोलच्या टाक्या दोन, पुढची आणि मागची, डॅशबोर्डवर बटण असतं, हवी ती निवडायची. प्रत्येक टाकीत आपला आपला पंप आणि त्यात एक छोटा व्हॉल्व्ह, इंजिनातून उरलेलं पेट्रोल ज्या टाकीतून आलं त्याच टाकीत परत जावं यासाठी. गाडी जुनी झाली की तो व्हॉल्व्ह अडकतो आणि मग पुढच्या टाकीवर चालवताना उरलेलं पेट्रोल मागच्या टाकीत जाऊन पडायला लागतं. मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की पुढची टाकी फार लवकर संपतेय आणि मागचा काटा आपोआप वर चढतोय, आणि एका संध्याकाळी ड्राइव्हवेत पेट्रोलचा भपकारा आला, बघतो तर मागच्या झाकणातून थेंब थेंब खाली. त्या रात्री झोप लागली नाही. पंप बदलायचा तर टाकी खाली काढा नाहीतर हौदा वर उचला. मागची टाकी हौदा उचलूनच सोपी पडते. रविवारी सकाळी पथकातले चार जण आले, बायकोने पातेलंभर पोहे केले, आदल्या दिवशी गंजलेले बोल्ट मी कापूनच ठेवले होते, एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी हौदा उचलला आणि बाजूला लाकडी ओंडक्यांवर ठेवला. वीस मिनिटांचं काम. मग पुढचे चार तास मी आणि ती टाकी. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायची परवानगी नाही, पंपावरचा माणूसच भरतो, आमच्या पंपावर एक पंजाबी काका आहेत, पंप बदलेपर्यंत दोन महिने मी गाडी नेली की ते आधी ओरडून विचारायचे, आज आगे वाली या पीछे वाली.

हे सगळं मी एकट्याने, पुस्तक वाचून, चुकत चुकत केलेलं. अण्णा आले आणि कामाची रीतच बदलली.

अण्णा एसटीत मेकॅनिक होते. १९७३ ला हेल्पर म्हणून लागले आणि २००९ ला रिटायर झाले, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या डेपोंत. आई गेल्यानंतर ते गावीच एकटे होते, इकडे यायला तयार नसायचे, २०२३ च्या जूनमध्ये पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आले. विमानतळावरून घरी आणलं, चहा झाला, आणि म्हणाले कुठाय ती गाडी. मी चालू करून दिली. ते काहीच बोलले नाहीत. आत जाऊन माझा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, त्याची मूठ कानाला लावली, टोक इंजिनावर एकेका ठिकाणी टेकवत पुढून मागे गेले. व्हॉल्व्हच्या झाकणावर, वॉटर पंपावर, ऑल्टरनेटरवर. ऑल्टरनेटरवर थांबले. मला बोलावून मूठ माझ्या कानाला लावली. आत खसखस भाजताना येतो तसा बारीक आवाज. "बेअरिंग वाळलंय. आजून महिनाभर जाईल, पण लांब जायाच्या आधी बदल." मी दोन वर्षं गाडी चालवत होतो, मला तो आवाज कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वही मागितली. मुलीच्या शाळेची कोरी वही दिली. त्यावर त्यांनी पट्टीने रेघा मारल्या, डेपोत लॉगशीट असायची तशी: तारीख, मीटर, इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, हवा, काय काम केलं, कोणी केलं. शेवटच्या रकान्यात सही. मी म्हटलं अण्णा, घरचीच गाडी आहे, सही कशाला. ते म्हणाले, "सही केली की मानूस नीट बघतो." तेव्हापासून ती वही गाडीच्या दप्तरात आहे आणि दर रविवारी भरली जाते.

आमचं एकदा भांडणही झालं, गिअरबॉक्सच्या ऑइलवरून. खाली लाल थेंब पडलेले बघून ते म्हणाले पॉवर स्टेअरिंग गळतंय. मी म्हटलं नाही, गिअरबॉक्स गळतोय, ह्या गिअरबॉक्सला ऑटोमॅटिकचं लाल पातळ ऑइल लागतं. त्यांना पटेना. मॅन्युअल गिअरबॉक्सला नव्वद नंबरचं जाड ऑइलच पाहिजे, छत्तीस वर्षं तेच घातलंय, पातळ घालशील तर दात उडतील. मी पुस्तक काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचली, परत वाचली, आणि म्हणाले मग बरोबर हाय, पुस्तक सांगतंय ते घालायचं. हा माझदाचा गिअरबॉक्स आहे, ह्याच्या वरच्या झाकणाला मागच्या बाजूला तीन रबरी बुचं असतात, ती वयाने कडक होतात आणि तिथून ऑइल झिरपतं, आणि वाईट म्हणजे इतकं हळू झिरपतं की कळत नाही, एक दिवस गिअरबॉक्स कोरडा पडून जातो. आम्ही गिअरबॉक्स जॅकवर थोडा मागून झुकवला आणि रबराच्या जागी पत्र्याची बुचं ठोकली. ठोकली अण्णांनी. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली, आणि वर माझी मुलगी टॉर्च धरून.

तर कार्लाइल. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव आहे, हॅरिसबर्गच्या पलीकडे, आमच्यापासून साधारण १६० मैल. १९७४ मध्ये बिल मिलर आणि चिप मिलर या दोन मित्रांनी, आडनाव एकच पण नातं नाही, तिथल्या जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा पहिला बाजार भरवला, आणि आता तिथे दर वर्षी एकेका प्रकारच्या गाड्यांचे मेळावे होतात. ट्रकचा ऑगस्टमध्ये. पिकअप, फायर ब्रिगेडचे बंब, मोठे ट्रेलर ओढणारे ट्रक, जमिनीला घासतील इतके खाली केलेले, शिडी लावून चढावं लागेल इतके वर उचललेले, सगळं. मी आधीच्या वर्षी एकटा कारने जाऊन बघून आलो होतो आणि तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी गाडी घेऊन यायचं.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. एफ-१५० ला पुढे सलग बाकड्यासारखं सीट असतं, मी, मध्ये मुलगी, कडेला अण्णा. गिअरचा दांडा मुलीच्या गुडघ्यांच्या मध्ये, दुसरा आणि चौथा टाकताना तिला पाय बाजूला घ्यावा लागायचा, दहा मैलांत तिला सवय झाली, मी क्लच दाबला की ती आपोआप सरकायची. एसी चालत नाही. मागे हौद्यात ताडपत्रीखाली टूलबॉक्स, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी आणि बायकोने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आय-७८ धरून पश्चिमेला, डेलावेअर नदीचा टोल भरून पेनसिल्व्हेनियात, ताशी ५८ मैल, उजवी लेन सोडायची नाही. जुन्या गाडीला स्वतःचा एक वेग असतो, तो सापडला की स्टेअरिंग हलकं होतं, आवाज सारखा होतो आणि बोलायला ओरडावं लागत नाही. अण्णा बाहेरची मक्याची शेतं बघत होते आणि मधूनच हाताने मीटरच्या काट्याकडे बोट करत होते, तापमान बघ, ऑइल प्रेशर बघ.

ॲलनटाउन मागे पडलं आणि रस्त्याचं काम लागलं. एक लेन बंद, गाड्या मुंगीच्या पावलाने. नऊ वाजले होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं असं पहिल्या गिअरमध्ये सरकत गेल्यावर इंजिन एकदम बंद. खोकलं नाही, थरथरलं नाही, दिवा विझावा तसं. परत सेल मारला, चालू झालं. दोन मैलांनी परत. यावेळी सेल फिरतोय पण पकडत नाही. नशिबाने एक्झिट समोरच होता आणि उतार होता, न्यूट्रलवर सोडून घरंगळत खाली पेट्रोल पंपाच्या कडेला आणून लावली. हॅम्बर्गच्या थोडं अलीकडे.

माझ्या डोक्यात लगेच पेट्रोलचे पंप, टाक्या, तो व्हॉल्व्ह, कारण त्याचंच दुखणं मी काढलं होतं. अण्णा म्हणाले, "पेट्रोल गेलं असतं तर आचके देत बंद पडली आसती. ही फटकन गेली. करंट गेलाय." टूलबॉक्समधून जादा प्लग काढला, एका वायरला लावला, प्लगचा धातू इंजिनाला टेकवून धरला आणि मला सेल मारायला सांगितलं. ठिणगी नाही. मग ते म्हणाले डेल्को कुठंय. आपल्याकडे डिस्ट्रीब्यूटरला, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागाला, सगळे मेकॅनिक डेल्कोच म्हणतात. ह्या इंजिनाला तो उजव्या अंगाला, प्लगच्या बाजूला आहे, आणि १९९० च्या गाडीत त्याच्या अंगालाच इग्निशनचं मॉड्यूल, म्हणजे ठिणगीचा करंट चालू-बंद करणारा भाग, स्क्रूने चिकटवलेलं असतं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं.

त्यांनी मुलीला बर्फाच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणायला सांगितला आणि ती पिशवी मॉड्यूलवर धरून उभे राहिले. पंधरा-वीस मिनिटं. मग म्हणाले मार. एका फटक्यात चालू. परत बंद केली. "आता कळलं काय झालंय ते. आसं जायाचं न्हाई, परत तापलं की परत थांबंल."

मला ते ऐकून जे आठवलं ते लिहायलाच पाहिजे. आदल्या वर्षी मी ते मॉड्यूल स्वतः बदललं होतं. जुनं नीट चालू होतं, पण म्हटलं तीस वर्षांचं झालंय, जाण्याआधी बदलू, आणि स्वस्तातलं नवीन मागवलं. ह्याच्या पाठीमागे पांढरी पेस्ट लावायची असते, मॉड्यूलची उष्णता डिस्ट्रीब्यूटरच्या धातूत उतरावी म्हणून. पेस्टची पुडी खोक्यात होती, माझ्या लक्षात आली नाही, खोक्याबरोबर गेली. कोरडंच बसवलं. वर्षभर इकडे तिकडे वीस-तीस मैल जाताना काही झालं नाही, आणि पहिल्यांदाच उन्हात, ट्रॅफिकमध्ये, वारा न लागता इंजिन तासभर चाललं तेव्हा ते तापून गेलं. पण काढलेलं जुनं मॉड्यूल मी टाकलं नव्हतं. कापडात गुंडाळून, त्याचे स्क्रू ज्याने सुटतात तो ५.५ मिलिमीटरचा पातळ सॉकेट त्यालाच रबरबँडने बांधून, दप्तरात ठेवलं होतं. अण्णांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उजळला. "चालू पार्ट काढला तर फेकू नये. शाबास."

पेस्ट मात्र नव्हती. आणि तेवढ्यात एक जुनी शेव्हरोले पिकअप पंपावर वळली, सत्तरच्या दशकातली, पांढरी-नारिंगी, मागे खुर्च्या आणि टूलबॉक्स. साठीचे गृहस्थ आणि त्यांची बायको, तेही कार्लाइललाच. आमचं बॉनेट वर दिसलं म्हणून थांबले. मी सांगितलं काय लागतंय, ते काही न बोलता मागे गेले आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यातून एक छोटी पुडी घेऊन आले. पैसे घेतले नाहीत, म्हणाले पुढे कोणाला लागली तर तू दे. मी आता दोन पुड्या ठेवतो.

अण्णांनी जुनं मॉड्यूल पाठीकडून पेट्रोलच्या फडक्याने स्वच्छ पुसलं, डिस्ट्रीब्यूटरवरची जागा पुसली, पुडीचा कोपरा दाताने फाडला आणि मधल्या बोटाने ती पेस्ट मॉड्यूलच्या पाठीवर ओढली, पातळ, सगळीकडे सारखी. मी म्हटलं अजून लावा ना, पुडीत आहे. ते म्हणाले, "देवाला गंध लावतात तेवढंच. जाड लावलं तर तेच आडवं येतं." मग ते स्क्रू. जागा अशी की डोळ्याला दिसत नाही, फक्त हाताला कळतं, त्यांनी डोळे मिटून दोन्ही स्क्रू हाताने धरले आणि मग सॉकेट लावला. चाळीस मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. ते तेहतीस वर्षांचं मॉड्यूल आजही गाडीवर आहे.

कार्लाइलच्या गेटवर साडेबाराला पोहोचलो. रांगेत जागा मिळाली, एका बाजूला फोर्डचीच १९७८ ची, दुसऱ्या बाजूला डॉज. पहिलं काम मुलीने केलं. ह्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला स्क्रीन नसतो, बॉनेटखाली एक सॉकेट असतो त्यात वायरचा तुकडा अडकवून चावी फिरवायची आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एक, थांबून एक, म्हणजे ११, म्हणजे सगळं ठीक. तिने मोजलं आणि खिडकीतून ओरडली, आजोबा, अकरा! शेजारच्या डॉजवाल्याने टाळ्या वाजवल्या.

त्या दोन दिवसांबद्दल काय काय लिहू. ८२ एकरांचं मैदान, आणि प्रत्येक बॉनेट उघडं. इथली रीत मला फार आवडते, गाडीचा मालक मागे खुर्ची टाकून बसलेला असतो, तुम्ही वाकून बघत राहिलात की तो उठून येतो आणि आधी काय बिघडलं होतं तेच सांगतो. चकचकीत रंगाच्या, क्रोम केलेल्या गाड्यांसमोर गर्दी होती. अण्णा तिथे थांबले नाहीत. ते गुडघ्यावर बसून खालून बघायचे. एका १९५३ च्या एफ-१०० खाली बराच वेळ बघून म्हणाले, हिचं ग्रीस कालच भरलंय, मानूस चालवतो ही. खरंच तो माणूस ती ओहायोहून चालवत आला होता, ट्रेलरवर घालून नाही.

आणि मग फार्गो दिसली. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, कॅनडाच्या नंबरप्लेटची, हिरवी, साधी. फार्गो म्हणजे क्रायस्लरचीच, डॉजची सख्खी बहीण, अमेरिकेत ते नाव लवकर बंद झालं पण कॅनडात १९७२ पर्यंत चाललं. अण्णा बॉनेटवरचं नाव वाचून जागेवरच थांबले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज आणि फार्गोचे ट्रक बनवले होते आणि अण्णा नोकरीला लागायच्या आधी दोन वर्षं कराडच्या एका गॅरेजमध्ये बिनपगारी शिकत होते, तिथे उसाच्या वाहतुकीच्या फार्गो यायच्या. "हिच्यावर शिकलो रं मी. आमच्याकडं पर्किन्सचं डिझेल इंजिन आसायचं." मालक ओंटारिओहून आलेले, ऐंशीच्या घरातले. मी मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगत होतो, पण थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही. अण्णांनी हाताने दाखवलं, क्लच, न्यूट्रल, परत क्लच, गिअर, डबल क्लच. त्या म्हाताऱ्याने जोरात मान हलवली आणि दरवाजा उघडून त्यांना स्टेअरिंगवर बसवलं. अण्णा बसले, टोपी नीट केली, डावा पाय क्लचवर ठेवला आणि दांडा सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून आणला. इंजिन बंदच होतं. मग खाली उतरून त्यांनी आधी बॉनेटला आणि मग त्या माणसाला हात जोडले.

पार्टच्या बाजारात आम्ही शनिवारची अख्खी सकाळ घालवली. मला फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराची, कडी पाहिजे होती, माझी तुटल्यापासून मी दोरीने ओढून फाळका उघडायचो. विक्रेत्याने ३५ सांगितले. अण्णांनी कडी हातात घेऊन स्प्रिंग दाबून बघितली, माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले वीस म्हण. पंचवीसला मिळाली. तिथेच मैदानावर बसवली.

येताना पाऊस लागला, जोराचा, वायपर दोनच स्पीडचे, पण गाडी कुठे अडली नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये अण्णा परत जायच्या आधी आम्ही हर्शीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारालाही जाऊन आलो, तिथे दारातल्या तिरक्या काचेचं रबर मिळालं आणि अण्णांना गावच्या एका मित्रासाठी जुना पितळी पाना मिळाला, तो त्यांनी चेक-इनच्या बॅगेत साड्यांच्या मध्ये गुंडाळून नेला.

कार्लाइलहून आलो त्या रात्री उशीर झाला होता, मी म्हटलं वही उद्या भरू. ते ऐकले नाहीत, ड्राइव्हवेत दिव्याखाली बॉनेटवर वही ठेवून उभ्या उभ्या लिहिलं. ते पान असं आहे: "मीटर ७६४१२. इंजिन ऑइल बरोबर. पाणी बरोबर. गिअरबॉक्स गळती नाही. करंट गेला, मॉड्यूल बदलले, पेस्ट लावली. फाळक्याची कडी नवीन. मागील उजवा टायर हवा कमी, बघणे." खाली त्यांची सही, आणि सहीशेजारी मुलीला पेन देऊन तिचीही घेतलेली.